वनस्पतिजन्य चीज

वनस्पतिजन्य चीज म्हणजे दूध अथवा दुधाचा कोणताही घटक न वापरता सोयाबीन, काजू, बदाम, शेंगदाणे, खोबरेल तेल, पिष्ट इत्यादींपासून तयार केलेला, चीज किंवा पनीर यांची जागा घेणारा खाद्यपदार्थ होय. त्यास दुग्धविरहित चीज किंवा व्हीगन चीज असेही म्हणतात. सोयाबीनच्या दुधापासून बनवलेला टोफू, अर्थात सोया पनीर, याच गटात मोडतो. भारतात हा प्रकार सर्वांत स्वस्त असून तो घरीही करता येतो.

या गटातील पदार्थ दिसायला एकमेकांसारखे असले तरी त्यांची घडण फार वेगळी असते. काहींत प्रथिने भरपूर असतात, तर काही निव्वळ तेल आणि पिष्ट यांचे मिश्रण असते. म्हणून पर्यायाची निवड प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, दूध कोणत्या कारणाने टाळायचे आहे. दुसरी, मूळ दुग्धपदार्थापासून प्रथिने, कॅल्शियम, चव किंवा वितळण्याचा गुण यांपैकी नेमके काय मिळत होते.

संज्ञा

बाजारात व बोलण्यात काही संज्ञांची सरमिसळ होते. त्यांतील भेद पुढीलप्रमाणे आहेत.

शाकाहारी चीज: हे दुधाचेच चीज असते. दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट न वापरता सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले विकर वापरले, एवढाच त्याचा अर्थ. दूध टाळणाऱ्यांसाठी ते योग्य नाही.

लॅक्टोजविरहित पदार्थ: यातील दुग्धशर्करा काढून टाकलेली किंवा विकराने आधीच विघटित केलेली असते, दुधातील प्रथिने मात्र कायम असतात.

ॲनालॉग चीज व ॲनालॉग पनीर: यात दुधातील काही किंवा सर्व घटकांची जागा अन्य घटकांनी घेतलेली असते. बहुधा दुधातील स्निग्धांशाऐवजी पाम तेलासारखे वनस्पती तेल घालतात आणि प्रथिनांसाठी दुधाची भुकटी वापरतात. असा पदार्थ अंशतः दुग्धजन्यच असतो.

वनस्पतिजन्य चीज: यात दुधाचा किंवा अन्य प्राणिजन्य असा एकही घटक नसतो.

दूध टाळण्याची कारणे

लॅक्टोज असहिष्णुता. दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. बालपण सरल्यावर अनेकांच्या शरीरात हे विकर कमी होत जाते. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये लॅक्टोज पचवण्याची क्षमता कमी असल्याचा अंदाज आहे. न पचलेल्या शर्करेमुळे पोट फुगणे, गुडगुडणे, कळ येणे, जुलाब होणे ही लक्षणे दिसतात. हा त्रास प्रमाणावर अवलंबून असतो. कपभर दुधाने त्रास होणाऱ्या अनेकांना वाटीभर दही किंवा ताक चालते, कारण विरजणातील जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच वापरलेले असते व उरलेले पचवण्यासही ते मदत करतात. मुरवलेल्या कठीण चीजमध्ये लॅक्टोज अत्यल्प असते आणि लोणकढ्या तुपात ते जवळजवळ नसते. त्यामुळे या गटातील सर्वांनाच सगळे दुग्धपदार्थ सोडावे लागत नाहीत.

दुधाची ॲलर्जी. हा पचनाचा नव्हे, तर रोगप्रतिकारशक्तीचा विकार आहे. केसीन किंवा मठ्ठ्यातील प्रथिनांना शरीर परके मानून प्रतिक्रिया देते. अंगावर गांधी उठणे, ओठ व चेहरा सुजणे, उलट्या होणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसतात. क्वचित ती जिवावर बेतणारी असू शकते. हा विकार लहान मुलांत अधिक आढळतो व अनेकांच्या बाबतीत वयानुसार मावळतो. गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना म्हशीचे व शेळीचे दूधही चालत नाही, कारण त्यांतील प्रथिनांची रचना मिळतीजुळती असते. येथे थोड्या प्रमाणात चालेल असा हिशेब करता येत नाही. दूध, दही, पनीर, चीज, खवा यांसह दुधाची भुकटी असलेले सर्व पदार्थ टाळावे लागतात.

तत्त्वाधिष्ठित आहार. प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न खाण्याची भूमिका घेणारे लोक दूध वर्ज्य मानतात. त्यांच्या दृष्टीने घटकांइतकेच त्यांचे मूळही महत्त्वाचे असते. अलीकडे गायीशिवाय, सूक्ष्मजीवांकडून दुधातील प्रथिने तयार करून घेण्याचे तंत्र विकसित झाले आहे. अशा पदार्थाला प्राणिविरहित म्हटले जात असले, तरी त्यातील प्रथिन दुधातीलच असल्याने दुधाची ॲलर्जी असलेल्यांना ते अपायकारकच ठरते.

ही कारणे वेगवेगळी असल्याने एकाला सुरक्षित असलेला पदार्थ दुसऱ्याला घातक ठरू शकतो. लॅक्टोजविरहित चीज पहिल्या गटाला चालते. दुसऱ्या गटाला नाही. कारणाचे निदान वैद्यकीय तपासणीने करून घेणे म्हणूनच आवश्यक असते.

इतिहास

टोफूचे मूळ चीनमध्ये आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ल्यू आन या राजपुत्राने तो शोधून काढल्याची आख्यायिका प्रचलित आहे. लिखित उल्लेख मात्र दहाव्या शतकापासून मिळतात. टोफू बुरशीच्या साहाय्याने आंबवून मिठाच्या पाण्यात मुरवण्याची पद्धतही चीनमध्ये जुनी आहे. पोत आणि उग्र चव या दोन्ही दृष्टींनी मुरवलेल्या चीजशी नाते सांगणारा हा वनस्पतिजन्य पदार्थ आहे. युरोपात ली यू-यिंग या चिनी गृहस्थाने १९०८ च्या सुमारास पॅरिसजवळ सोयाबीन प्रक्रियेचा कारखाना काढून टोफू व तत्सम पदार्थ बनवण्यास सुरुवात केली.

भारतात दुधाला वनस्पतिजन्य पर्याय शोधण्याच्या प्रयत्नांशी महात्मा गांधी यांचे नाव जोडलेले आहे. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी दूध सोडले. १९१८ मधील गंभीर आजारानंतर त्यांनी शेळीचे दूध घेण्यास सुरुवात केली. आपल्या व्रतामागचा हेतू यामुळे मोडला, याची खंत त्यांनी आत्मकथेत व्यक्त केली आहे. दुधाची जागा पूर्णपणे घेणारा वनस्पतिजन्य आहार त्यांना सापडला नव्हता. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सहकाऱ्यांच्या आहारात सोयाबीनचा प्रयोग करून पाहिला आणि ‘हरिजन’ साप्ताहिकात त्याविषयी लिहिले. त्याच दशकात बडोदा संस्थानातील अन्न-सर्वेक्षण अधिकारी एफ. एस. काळे यांनी सोयाबीनची लागवड, आहारातील महत्त्व व पाककृती यांविषयी इंग्रजीत सविस्तर ग्रंथ लिहिला.

पुढे म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्यातील प्रथिने आणि जनावरांचे दूध यांच्या मिश्रणातून ‘मिलटोन’ हे पेय विकसित केले. त्याचा उद्देश दुधाची टंचाई भागवणे हा होता. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत १९८५ पासून सोयाबीन प्रक्रियेचे केंद्र असून तेथे सोया दूध व सोया पनीर बनवण्याचे प्रशिक्षण दिले जाते.

घडण

दुधाच्या चीजचे वैशिष्ट्य केसीन या प्रथिनात आहे. गायीच्या दुधातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. रेनेटमुळे केसीनचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जाळे तयार होते आणि त्यात स्निग्धांश व पाणी अडकून राहते. कॅल्शियमच्या साहाय्याने बांधलेले हे जाळे उष्णतेने सैल होते. म्हणून चीज वितळते व त्याचे तार निघतात.

पनीरची घडण वेगळी असते. तापवलेल्या दुधात लिंबाचा रस किंवा अन्य आम्ल घालून ते नासवले जाते. आम्लामुळे कॅल्शियमचा बराच भाग निवळीत निघून जातो आणि मठ्ठ्यातील प्रथिनेही केसीनबरोबर गोठतात. त्यामुळे पनीर वितळत नाही. तळले किंवा रश्शात उकळले तरी त्याचे तुकडे आकार टिकवून धरतात.

सोयाबीनमधील प्रथिनेही उष्णता आणि क्षार यांच्या संयोगाने गोठतात व पुन्हा तापवल्यास अधिकच घट्ट होतात. या गुणामुळे टोफू पनीरची जागा सहज घेऊ शकतो. पिझ्झ्यावरील चीजची घेऊ शकत नाही. उलट खोबरेल तेल आणि पिष्ट यांचे मिश्रण उष्णतेने मऊ होऊन पसरते. त्यातील तेल साधारण २४ ते २५ अंश सेल्सियसला वितळते, पिष्ट त्याला बांधून ठेवते आणि वितळत्या चीजचा आभास निर्माण होतो. मात्र त्यात प्रथिनांचे जाळे नसते. वितळण्याचा गुण आणि प्रथिनांचे प्रमाण या दोन्ही गोष्टी एकाच वनस्पतिजन्य पदार्थात क्वचितच आढळतात, त्याचे मूळ या घडणीत आहे.

प्रकार

सोया पनीर (टोफू). सोया दुधात कॅल्शियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड अथवा लिंबाचा रस घालून ते गोठवले जाते व दाबून वडी पाडली जाते. पाण्याच्या प्रमाणानुसार तो मऊ किंवा घट्ट होतो. त्याला स्वतःची चव अगदी सौम्य असते. मीठ, आले-लसूण व तिखट लावून मुरवत ठेवल्यास तो चव धरतो.

काजू व बदाम चीज. भिजवलेले काजू किंवा बदाम बारीक वाटून त्यात लॅक्टिक आम्ल निर्माण करणाऱ्या जिवाणूंचे विरजण घालतात व मिश्रण आंबवतात. पोत मऊ, चव आंबूस व स्निग्ध असते. पोळीला किंवा पावाला लावण्यासाठी हा प्रकार उपयोगी पडतो. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग व रत्नागिरी हे काजूचे प्रमुख जिल्हे आहेत. वेंगुर्ला येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतील वाण विकसित केले आहेत. काजूगर महाग असल्याने हे चीज दुधाच्या चीजपेक्षा बरेच महाग पडते.

खोबरेल तेल व पिष्टाधारित चीज. दुकानांतून काप, किस किंवा ठोकळ्याच्या रूपात मिळणारे बहुतेक व्हीगन चीज या प्रकारचे असते. बटाटा, मका किंवा टॅपिओका यांचे पिष्ट, तेल, मीठ, आम्ल, रंग व स्वाद हे त्याचे मुख्य घटक असतात.

शेंगदाणा पनीर. शेंगदाण्याच्या दुधापासून टोफूप्रमाणेच वडी पाडता येते. ती सोया पनीरपेक्षा मऊ व ठिसूळ असते. महाराष्ट्रातील रूढीप्रमाणे शेंगदाणा उपवासाला चालतो, सोयाबीन चालत नाही.

पौष्टिक यीस्ट. हे चीज नसून निष्क्रिय केलेल्या यीस्टचे पिवळसर पापुद्रे असतात. त्यांची चव चीजसारखी खमंग असल्याने ते सॉस, पास्ता किंवा काजूच्या वाटणात घालतात.

| प्रकार | प्रथिने | वितळणे | विशेष उपयोग | ॲलर्जीची शक्यता |
|---|---|---|---|---|
| सोया पनीर | चांगली | नाही | रस्सा भाजी, भुर्जी, टिक्का | सोयाबीन |
| काजू-बदाम चीज | मध्यम | अंशतः | पोळी-पावाला लावणे, सॉस | काजू, बदाम |
| तेल-पिष्टाधारित | नगण्य | होय | पिझ्झा, सँडविच | घटकांनुसार |
| शेंगदाणा पनीर | चांगली | नाही | भुर्जी, सारण | शेंगदाणा |

पोषणमूल्य

१०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिने असतात. चेडरसारख्या कठीण चीजमध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने व ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. टोफूतील प्रथिने पाण्याच्या प्रमाणानुसार १०० ग्रॅममागे साधारण ८ ते १५ ग्रॅम भरतात. सोयाबीनमधील प्रथिनांत सर्व आवश्यक ॲमिनो आम्ले पुरेशा प्रमाणात असल्याने त्यांचा दर्जा दुधातील प्रथिनांच्या जवळ जातो. तेल-पिष्टाधारित चीजमध्ये मात्र प्रथिने बहुधा १ ग्रॅमहूनही कमी असतात, तर खोबरेल तेलामुळे संपृक्त मेदाचे प्रमाण मोठे असते. पनीर सोडून असे चीज नियमित खाणाऱ्या व्यक्तीच्या, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलाच्या, आहारातील प्रथिने नकळत घटतात.

टोफूतील कॅल्शियम तो कशाने गोठवला यावर अवलंबून असते. कॅल्शियमचा क्षार वापरल्यास ते वाढते. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर वापरल्यास वाढत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीस रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते भरून काढण्यासाठी महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याची पाने ही परिचित साधने आहेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच तिळात सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ मात्र एका वेळी चमचा-दोन चमचेच खाल्ले जातात आणि त्यातील ऑक्झलेट व फायटेट यांमुळे सर्व कॅल्शियम शोषले जात नाही, हेही हिशेबात धरावे लागते.

ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून पुरेसे मिळत नाही. दूध हे शाकाहारी व्यक्तीसाठी त्याचे प्रमुख साधन असते. दूध पूर्णपणे वर्ज्य करणाऱ्या शाकाहारी व्यक्तीस ते पूरक गोळ्या किंवा पोषणवर्धित पदार्थांतून घ्यावे लागते. पौष्टिक यीस्टमध्येही ब-१२ मुद्दाम मिसळले असेल तरच असते.

एक वर्षाखालील बालकांना मातेच्या दुधाच्या किंवा वैद्यकीय सल्ल्याने दिलेल्या शिशुआहाराच्या जागी सोया दूध, काजूचे दूध यांसारखी वनस्पतिजन्य पेये देणे धोक्याचे आहे. दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बालकांना सोयाबीनचीही ॲलर्जी असते.

कायदा व वेष्टनावरील माहिती

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘दूध’, ‘पनीर’, ‘चीज’ या संज्ञा दुग्धजन्य पदार्थांसाठी राखीव मानल्या जातात. सप्टेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना अशा संज्ञा वापरणारे वनस्पतिजन्य पदार्थ हटवण्यास सांगितले होते. नारळाचे दूध, पीनट बटर यांसारख्या रूढ नावांना मात्र ही आडकाठी नाही. युरोपीय न्यायालयानेही १४ जून २०१७ रोजी निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांना ‘चीज’, ‘बटर’ अशी नावे देता येणार नाहीत, असा निर्णय दिला. त्यामुळे वेष्टनावर ‘चीज’ हा शब्द न येता ‘वनस्पतिजन्य काप’, ‘पर्याय’ अशी नावे दिसू शकतात.

२०२२ च्या व्हीगन खाद्यपदार्थविषयक विनियमांनुसार व्हीगन म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात प्राणिजन्य घटक, स्वाद, विकर किंवा प्रक्रियासाहाय्यक द्रव्य यांपैकी काहीही असता कामा नये. अशा वेष्टनावर हिरव्या रंगातील ‘व्ही’ या अक्षराचे स्वतंत्र चिन्ह असते. ते शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याहून वेगळे आहे. चौकटीतील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, आणि भारतात दूध शाकाहारी गणले जाते. दूध टाळण्यासाठी हिरव्या ठिपक्याचा काहीही उपयोग नाही.

घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे पावडर, केसीन, सोडियम केसीनेट, लॅक्टोज, बटर ऑइल यांपैकी कोणतेही नाव असल्यास पदार्थात दुधाचा अंश असतो. ‘नॉन-डेअरी’ असे लिहिलेल्या चहा-कॉफीच्या भुकटीतही सोडियम केसीनेट असू शकते. याउलट लॅक्टिक आम्ल व कोकोआ बटर ही नावे दुधाशी संबंधित वाटली तरी हे पदार्थ सामान्यतः वनस्पतिजन्य स्रोतांतून मिळवतात. २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार दूध, सोयाबीन, शेंगदाणे व कवचफळे यांचा अंश असल्यास ॲलर्जीची सूचना म्हणून तसे स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे.

ॲनालॉग पनीरचा प्रश्न

महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अधिवेशनात बनावट पनीरच्या विक्रीचा प्रश्न उपस्थित झाला आणि ॲनालॉग पनीर ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. ॲनालॉग पनीर तयार करणे व तसे स्पष्ट लिहून विकणे बेकायदेशीर नाही. ते दुधाचे पनीर म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

या चर्चेचा रोख दुधाचे पनीर हवे असणाऱ्या ग्राहकाच्या फसवणुकीवर होता. दूध टाळणाऱ्या ग्राहकाची अडचण नेमकी उलट असते. ‘हे दुधाचे नाही, तेलाचे आहे’ असे ऐकून तो ॲनालॉग पनीर निर्धोक समजण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात त्यात बहुधा दुधाची भुकटी असते. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला त्यातील केसीन तितकेच बाधते. सुट्या विकल्या जाणाऱ्या पनीरवर घटकांची यादी नसल्याने त्याची शहानिशा करता येत नाही. उपाहारगृहात पनीरऐवजी टोफू घातला, तरी रश्शात लोणी, साय किंवा खवा असू शकतो.

मराठवाडा आणि सोयाबीन

बंद वेष्टनातील व्हीगन चीज प्रामुख्याने मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आणि ऑनलाइन विकले जाते. ते सतत थंड ठेवावे लागते, त्यामुळे लहान गावांत त्याची साठवण व वाहतूक अवघड ठरते. मात्र सोया पनीरला लागणारा कच्चा माल याच गावांच्या शिवारात पिकतो.

परभणी जिल्ह्यातील मानवत हे तालुक्याचे गाव परभणी-पाथरी मार्गावर असून तेथील बाजारपेठेत कापूस व सोयाबीन यांची मोठी उलाढाल होते. मध्य प्रदेशात १९७० च्या दशकात रुजलेले सोयाबीन पुढे विदर्भ व मराठवाड्यात पसरले. आज राज्यात ४० लाखांहून अधिक हेक्टरांवर हे पीक घेतले जाते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परभणीच्या विद्यापीठाने एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-१६२, एमएयूएस-६१२ हे सोयाबीनचे वाण विकसित केले आहेत. अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही याच विद्यापीठात आहे.

या पिकाचा फार थोडा भाग थेट माणसाच्या ताटात येतो. बहुतांश सोयाबीन तेलगिरण्यांत जाते. दाण्यातील सुमारे २० टक्के तेल काढून घेतले जाते व प्रथिनांनी समृद्ध अशी पेंड मुख्यतः पशुखाद्यासाठी वापरली जाते. घरात सोयाबीन येते ते प्रामुख्याने रिफाइंड तेल आणि सोयावडी या रूपांत. सोयाबीनचा दाणा डाळीप्रमाणे सहज शिजत नाही व त्याला कच्चट वास येतो, हे त्याचे एक कारण आहे. हा वास लायपॉक्सिजनेज या विकरामुळे निर्माण होतो. कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारा ट्रिप्सिन-रोधकही असतो. दोहोंचा प्रभाव योग्य उष्णतेने नाहीसा होतो किंवा बराच कमी होतो. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने कुनिट्झ ट्रिप्सिन-रोधक नसलेले एनआरसी-१२७ आणि त्याबरोबरच लायपॉक्सिजनेज-२ नसलेले एनआरसी-१४२ हे वाण मानवी आहारासाठी विकसित केले आहेत.

खर्चाच्या दृष्टीने पाहता, २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला सुमारे ५३ रुपये होता. एक किलो सोयाबीनपासून साधारण दीड ते दोन किलो सोया पनीर मिळते. इंधन व श्रम धरूनही ते दुधाच्या पनीरपेक्षा बरेच स्वस्त पडते.

घरगुती सोया पनीर

स्वच्छ, टपोरे व न किडलेले सोयाबीन ८ ते १० तास भिजवून, चोळून त्याची साले काढतात. दाणे गरम पाण्यात बारीक वाटतात; गरम पाण्यामुळे कच्चट वास कमी होतो. एक वाटी कोरड्या दाण्यांस एकूण सात ते आठ वाट्या पाणी लागते. मिश्रण ढवळत १५ ते २० मिनिटे चांगले उकळतात आणि मलमलच्या कापडातून गाळून दूध वेगळे करतात. उकळताना फेस भांड्याबाहेर येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे लागते. दूध किंचित निवल्यावर, सुमारे ८० अंश सेल्सियसला, पाण्यात विरघळवलेला खाद्य दर्जाचा क्षार किंवा लिंबाचा रस घालून हलक्या हाताने ढवळतात. दहा मिनिटांत दूध फाटून पिवळसर निवळी वेगळी होते. गोळा कापडात बांधून त्यावर २० ते ३० मिनिटे वजन ठेवतात. तयार वडी थंड पाण्यात बुडवून शीतकपाटात ठेवतात. पाणी रोज बदलल्यास ती दोन-तीन दिवस टिकते. उरलेला चोथा तंतुमय असून थालीपीठ किंवा वड्यांच्या पिठात वापरता येतो.

पेरणीसाठी बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेले बियाणे खाण्यासाठी कदापि वापरू नये. धुऊनही ते सुरक्षित होत नाही. शेंगदाणा पनीरसाठी बुरशी लागलेले, काळपट किंवा कडवट दाणे काढून टाकावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते व ते शिजवण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. काजूचे आंबवलेले चीज घरी करताना स्वच्छतेची विशेष दक्षता आवश्यक असते. २०२१ मध्ये अमेरिकेत काजूपासून बनवलेल्या मऊ चीजमधून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग पसरला होता. विरजण दह्याचे वापरल्यास पदार्थ दुग्धविरहित राहत नाही.

निवडीचे निकष

दूध टाळण्याचे कारण: लॅक्टोज असहिष्णुता असल्यास दही, ताक, मुरवलेले चीज किंवा लॅक्टोजविरहित पदार्थ यांचा आधी विचार करता येतो. दुधाची ॲलर्जी असल्यास दुधाचा अंशही नसलेला पदार्थच घ्यावा लागतो. तत्त्व म्हणून दूध टाळणाऱ्यांना व्हीगन चिन्ह उपयोगी पडते.

पदार्थाचे काम: भाजी, भुर्जी, पराठा यांसाठी सोया पनीर योग्य ठरते. वितळणारा थर हवा असल्यास तेल-पिष्टाधारित चीज वापरतात. मात्र त्या जेवणातील प्रथिने डाळ, उसळ किंवा शेंगदाणे यांतून मिळवावी लागतात.

पोषणतक्ता: १०० ग्रॅममागील प्रथिने, संपृक्त मेद, मीठ व कॅल्शियम यांची तुलना करणे उपयुक्त असते.

अन्य ॲलर्जी व औषधे: सोयाबीन, शेंगदाणे व कवचफळे ही स्वतःच ॲलर्जीकारक आहेत. सोयाबीनमुळे थायरॉइडच्या गोळ्यांचे शोषण कमी होऊ शकते. म्हणून गोळी आणि सोयाबीनचे पदार्थ यांत अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

उपलब्धता व खर्च: नेहमीच्या आहारातील पर्याय परवडणारा व गावातच मिळणारा असल्यास तो टिकतो. महाग व क्वचित मिळणारे चीज सणासमारंभापुरते वापरून रोजच्या जेवणात सोया पनीर, उसळी, तीळ व नाचणी यांवर भर देता येतो.

हेही पाहा

टोफू
पनीर
सोयाबीन
लॅक्टोज असहिष्णुता
व्हीगन आहार
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ
मानवत